स्कॅन बघून शस्त्रक्रियेचा निकाल आधी सांगता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाला वयाच्या १६व्या वर्षापासून फिट्स येतात, आज तो २८ वर्षांचा आहे. चार औषधं करून झाली. एमआरआयच्या रिपोर्टात ‘उजव्या बाजूला मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस’ असं आलंय. सर्जन म्हणतात, शस्त्रक्रिया केली तर फिट्स थांबण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या घरात आहे. एमआरआय झाला, पेट स्कॅन झाला, पाच दिवस व्हिडिओ ईईजीला (फिटचं चित्रीकरण आणि मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद एकाच वेळी) ठेवून घेतलं, शिवाय आता संगणकही स्कॅन वाचतो म्हणतात. मग ‘याच्या थांबतील’ नाहीतर ‘याच्या नाही थांबणार’ असं एक काय ते का सांगत नाहीत?

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे आणि वीसेक वर्षं अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या आजाराच्या, शस्त्रक्रियेचे रुग्ण निवडण्याचं काम करते. आठवड्यातून एकदा रेडिओलॉजिस्ट, सर्जन, मानसशास्त्रज्ञ आणि मी एका खोलीत बसतो, पडद्यावर एकेक स्कॅन लावतो आणि नेमका हाच वाद घालतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तो ७०चा आकडा. टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानाच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागाच्या, शस्त्रक्रियेची औषधांशी सरळ तुलना करणारी पहिली चाचणी २००१ साली कॅनडातून प्रसिद्ध झाली. ८० रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ४० जण शस्त्रक्रियेच्या गटात गेले, ४० जण औषधांच्या. वर्षअखेर भान हरपणाऱ्या फिट्स पूर्ण थांबल्या होत्या त्या पहिल्या गटात ५८ टक्के लोकांच्या आणि दुसऱ्या गटात ८ टक्के लोकांच्या. पुढे २०२० साली युरोपातल्या नऊ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला गेला. काढलेल्या भागात सूक्ष्मदर्शकाखाली काय सापडलं, त्यानुसार रुग्णांचे गट केले होते. ज्यांच्यात हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस (भावाच्या रिपोर्टात आहे तोच आजार) निघाला, त्यांच्यापैकी ७१.५ टक्के लोक दोन वर्षांनी त्रासदायक फिट्सपासून मुक्त होते. तुमच्या सर्जनचा आकडा याच सुमाराचा आहे, हवेतून काढलेला नाही.

पण ‘दोन वर्षांनी’ हा शब्द सोडू नका. लंडनमधल्या ६१५ प्रौढ रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा २०११ साली आला. त्यात सगळ्या प्रकारचे रुग्ण मिळून, भान न हरपणारे किरकोळ झटके सोडले तर, पाच वर्षं सलग फिटमुक्त राहिलेले ५२ टक्के होते आणि दहा वर्षं राहिलेले ४७ टक्के. म्हणून कुणी टक्केवारी सांगितली की दोन गोष्टी विचारायच्या: किती वर्षांनंतरची, आणि ‘थांबल्या’ म्हणजे काय? आम्ही निकाल ‘एंगल’ वर्गवारीत लिहितो. तिच्या पहिल्या वर्गात पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटणारे, पण पुढे न जाणारे झटकेही बसतात. रुग्णाला ते चालतात की नाही, हा प्रश्न वेगळा. बहुतेकांना चालतात. एकाने मात्र मला सांगितलं होतं, ‘डॉक्टर, तुमच्या कागदावर मी बरा आहे, माझ्या पोटाला ते माहीत नाही.’

आता स्कॅनकडे येते.

भावाच्या रिपोर्टातला मेसियल टेम्पोरल स्क्लेरोसिस म्हणजे टेम्पोरल लोबच्या आतल्या अंगाला असलेल्या, स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी कमी होऊन तो भाग आकसणं, घट्ट होणं. हे दिसतं कसं ते सांगते, कारण भाकिताचं मूळ तिथेच आहे. आम्ही हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात छेदणारे काप बघतो. निरोगी हिप्पोकॅम्पस अशा कापात सुरळी गुंडाळल्यासारखा दिसतो आणि नीट काढलेल्या स्कॅनवर आतल्या बारीक रेघाही ओळखू येतात. आजारी बाजूला तीन खुणा शोधायच्या: आकार लहान, टी-टू आणि फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रांत तो भाग जास्त उजळ, आणि आतल्या रेघा पुसलेल्या. तिन्ही एकत्र दिसल्या की खोलीत फारसा वाद होत नाही. नुसता आकार थोडा लहान असेल तर होतो. डोकं मशीनमध्ये जरा तिरकं ठेवलं गेलं तरी एक बाजू लहान भासते, आणि या एका कारणाने मी बरेच ‘स्क्लेरोसिस’ रद्द होताना पाहिलेत. सूक्ष्मदर्शकाखाली हा आजार १८८० पासून माहीत होता. जिवंत माणसाच्या एमआरआयवर तो खात्रीने ओळखता येतो, हे १९९० च्या सुमारास दाखवून दिलं गेलं आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडण्याची पद्धतच पालटली.

दिसण्याला एवढं महत्त्व का? जे दिसतं त्याला कड असते, आणि कड असलेली गोष्ट पुरती काढता येते. २०१० साली बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली. एमआरआयवर किंवा नंतर सूक्ष्मदर्शकाखाली दोष सापडलेल्या रुग्णांत फिट्स थांबण्याची शक्यता, दोष न सापडलेल्यांच्या मानाने सुमारे अडीचपट भरली. हे अडीचपट शक्यतांच्या गुणोत्तराचं (फिट्स थांबलेले भागिले न थांबलेले) आहे, टक्क्यांचं नव्हे. म्हणजे ३०चे ७५ टक्के होत नाहीत, ४५च्या जागी साधारण ६७ होतात. दोष कोणता यानेही फरक पडतो. वर सांगितलेल्या युरोपातल्या हिशेबात अपस्माराशी निगडित सौम्य गाठी ७७.५ टक्क्यांवर होत्या, रक्तवाहिन्यांचे दोष ७४ टक्क्यांवर. आणि फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसियाचा पहिला प्रकार, ज्यात मेंदूच्या पृष्ठभागाचे थर जन्मापासून नीट रचले गेलेले नसतात आणि एमआरआयवर बहुधा काहीच दिसत नाही, तो जेमतेम ५० टक्क्यांवर. या उतरंडीत भाऊ चांगल्या जागी आहे.

ज्यांच्या रिपोर्टात ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं त्यांच्यासाठी थोडं थांबते. हा शब्द वाचला की मी आधी स्कॅनची तारीख बघते, मग कापांची जाडी. पाच मिलिमीटरचे काप आणि मध्ये फट सोडलेली असेल, तर तो अपस्मारासाठी केलेला एमआरआय नव्हेच. डोकेदुखीसाठी जसा काढतात तसा काढलेला असतो. २००२ च्या एका अभ्यासात एकाच गटातल्या रुग्णांचे स्कॅन तीन तऱ्हांनी वाचले होते. साधा एमआरआय नेहमीच्या रेडिओलॉजिस्टने वाचला तेव्हा ३९ टक्के दोष सापडले, तोच अपस्माराच्या अनुभवी वाचकाने वाचला तेव्हा ५० टक्के, आणि अपस्मारासाठी खास पद्धतीने काढून अनुभवी वाचकाने वाचला तेव्हा ९१ टक्के. म्हणजे नुसत्या मशीनने भागत नाही आणि नुसत्या नजरेनेही नाही. ही खास पद्धत २०१९ पासून ‘हार्नेस’ नावाने ठरवून दिलेली आहे: एक मिलिमीटरचे, मध्ये फट नसलेले थ्रीडी टी-वन आणि थ्रीडी फ्लेअर काप, जोडीला हिप्पोकॅम्पसला काटकोनात घेतलेले बारीक टी-टू काप. आधुनिक मशीनवर हे अर्ध्या तासाच्या आत होतं.

एक मुलगी आठवते, १९ वर्षांची. तीन एमआरआय, तिन्ही नॉर्मल. फिट्स फक्त झोपेत, रात्रीत चार-पाच वेळा. तिच्या आईने मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत पहिल्याच क्षणी उजवा हात कोपरातून ताठ होताना दिसत होता आणि मुलगी पूर्ण भानावर होती. तो व्हिडिओ बघितल्यावर रेडिओलॉजिस्टला आम्ही एवढंच म्हटलं, ‘डावा फ्रंटल लोब, म्हणजे मेंदूचा पुढचा भाग, वरच्या अंगाला, आणि घड्यांच्या तळाशी बघ.’ तिसऱ्या एमआरआयचीच फाइल होती, नवीन काही काढलं नव्हतं. वीस मिनिटांनी एका घडीच्या तळाशी करडा आणि पांढरा भाग यांची सीमा पुसट झालेली सापडली. तिथून मेंदूच्या आतल्या पोकळीकडे जाणारी फिकट उजळ रेघ होती. हा डिस्प्लेसियाचा दुसरा प्रकार. जागा बोटाच्या पेराहूनही लहान. सापडेपर्यंत तिचं भाकीत ‘नॉर्मल एमआरआय, टेम्पोरलबाहेरचा अपस्मार’ म्हणजे सगळ्यांत वाईट रकान्यात होतं. सापडल्यावर, पूर्ण काढता येण्याजोगा दोष म्हणून, ते चांगल्या रकान्यात गेलं. मेंदू तोच होता आणि स्कॅनही तोच. तिच्या फिट्स थांबल्या. टेम्पोरल लोबच्या पुढच्या टोकाशी कवटीच्या तळाला बारीक भोक पडून मेंदूचा तुकडा त्यातून खाली उतरतो, तेही असंच कुणी मुद्दाम बघितल्याशिवाय दिसत नाही.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त महागात पडतं. चित्रात दोष दिसतो, पण फिट्स त्याच्या नसतात. पाण्याची एखादी गाठ, जुना लहानसा डाग, कॅल्शियम साठलेला ठिपका अशा गोष्टी एमआरआयवर सर्रास दिसतात आणि त्यांतल्या कितीतरी निरुपद्रवी असतात. म्हणून आम्ही स्कॅन एकटा वाचत नाही. फिटची सुरुवात रुग्णाला कशी जाणवते, व्हिडिओत काय दिसतं, ईईजीवर पहिली लाट कुठून निघते, स्मरणशक्तीच्या चाचण्यांत कुठली बाजू कच्ची आहे, आणि चित्र काय म्हणतं, हे सगळं एका जागेकडे बोट दाखवत असेल तर त्याला आम्ही ‘जुळलं’ म्हणतो. माझ्या मते भाकितात सगळ्यांत जास्त वजन या जुळण्याचं आहे. नुसत्या चित्राचं त्याच्या खालोखाल.

आमचा एक चुकलेला निर्णय सांगते. तिशीतला माणूस, डावीकडे स्वच्छ हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस, तिन्ही खुणा असलेला. ईईजीवर डावा टेम्पोरल. फिटच्या आधी घशात आवळल्यासारखं होतं आणि मग उजव्या हाताला मुंग्या येतात, असं त्याने सांगितलं होतं. फाइलमध्ये तसं लिहिलेलंही होतं. टेम्पोरल फिट सहसा पोटातून सुरू होते. घसा आवळणं आणि हाताला मुंग्या हे बाजूच्या इन्सुला भागाकडे बोट दाखवतात. पण समोर इतकं देखणं चित्र होतं की ते वाक्य आम्ही वाचून पुढे गेलो. शस्त्रक्रिया उत्तम झाली. १३ महिने काही नाही. १४व्या महिन्यात घसा पुन्हा आवळला. अशा रुग्णांना ‘टेम्पोरल प्लस’ म्हणतात: उगम टेम्पोरल लोबमध्ये आणि शेजारीही. २०१६ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनी निव्वळ टेम्पोरल गटात सुमारे ७५ टक्के लोकांचा निकाल चांगला होता आणि टेम्पोरल प्लस गटात सुमारे १५ टक्के लोकांचा. दोन्ही गटांतल्या रुग्णांची शस्त्रक्रिया टेम्पोरल लोबचीच झाली होती. तेव्हापासून बैठकीत आम्ही एमआरआय शेवटी लावतो. आधी रुग्णाच्या तोंडची सुरुवात, मग व्हिडिओ, मग ईईजी. देखणं चित्र आधी बघितलं की बाकीचं सगळं त्याच्याशी जुळायला लागतं.

पेट स्कॅनचं तुम्ही विचारलंत. त्यात मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो ते दिसतं. फिट्सचा उगम असलेला भाग दोन फिट्सच्या मधल्या काळात सुस्त असतो, म्हणून तिथे चित्र मंद दिसतं. हा मंद भाग खऱ्या उगमापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो, त्यामुळे कुठून कुठवर कापायचं हे त्यावरून ठरवू नये. टेम्पोरल अपस्मारावरच्या अभ्यासांच्या २००७ मधल्या एकत्रित मोजणीत, शस्त्रक्रियेच्याच बाजूला पेट मंद असेल तर चांगल्या निकालाचं भाकीत ८६ टक्के वेळा खरं ठरलं. एमआरआय नॉर्मल असलेल्यांत ८० टक्के. ज्यांच्या ईईजीवरून जागा ठरत नव्हती त्यांच्यात ७२. म्हणजे एमआरआय गप्प असतो तेव्हा पेटची खरी किंमत कळते. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष तुमच्या भावाला लागू आहे: एमआरआय आणि ईईजी आधीच जुळत असतील तर पेट त्यात फारशी भर घालत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. पेटसाठी दिलेल्या इंजेक्शनच्या आसपास रुग्णाला न कळता एखादी फिट येऊन गेली तर तीच जागा मंद दिसण्याऐवजी पेटलेली दिसते आणि सगळा अर्थ उलटा लागतो. म्हणून त्या वेळी ईईजी चालू ठेवतात.

स्पेक्ट हा फिट चालू असताना काढायचा फोटो. नर्स खाटेशेजारी भरलेली सिरिंज घेऊन तासन्‌तास बसते आणि फिट सुरू झाल्याच्या काही सेकंदांत औषध शिरेत जावं लागतं. उशीर झाला की उगम नव्हे, फिट पसरून जिथे पोचली ती जागा दिसते. एमईजी म्हणजे मेंदूच्या चुंबकीय लहरी टिपणारी तपासणी. तिच्याबद्दल एवढंच, की त्याने दाखवलेली जागा शस्त्रक्रियेत निघाली तर निकाल चांगला लागतो, असं १,००० रुग्णांच्या २०१९ मधल्या जर्मन अभ्यासात दिसलं. भावाला यांतलं काही लागेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही.

मग सगळं जुळूनही १०० पैकी ३० जणांच्या फिट्स का थांबत नाहीत? कारण फिट हा एका ठिकाणचा दोष असला तरी ती पळते तारांवरून. हिप्पोकॅम्पसमधून निघालेल्या तंतूंच्या जुड्या मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसपर्यंत आणि विरुद्ध बाजूच्या टेम्पोरल लोबपर्यंत जातात. बारा-पंधरा वर्षं फिट्स पळत राहिल्या की या वाटाही बदलतात, आणि नेहमीच्या एमआरआयवर हे बदल डोळ्यांना दिसत नाहीत. ते पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या डिफ्यूजन एमआरआयने मोजावे लागतात. २०१७ साली ४३ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की आजारी बाजूच्या फॉर्निक्स या जुडीत आणि विरुद्ध बाजूच्या पॅराहिप्पोकॅम्पल जुडीत शस्त्रक्रियेपूर्वीच बिघाड असेल, तर फिट्स चालू राहण्याचा संभव जास्त. ‘विरुद्ध बाजूच्या’ हे लक्षात घ्या. सर्जन तिकडे हातही लावणार नसतो. त्याच वर्षी ५६ रुग्णांच्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांचा थॅलॅमस मेंदूच्या जाळ्यात जंक्शनसारखा जास्त गुंतलेला होता, त्यांच्या फिट्स परत येण्याचा संभव जास्त निघाला. रुग्णांचे आकडे लहान आहेत, पण दिशा मला पटते.

सगळंच कारण तारांवर ढकलूनही चालत नाही. काही वेळा सर्जनने जे काढायला हवं होतं ते राहिलेलं असतं. हिप्पोकॅम्पसच्या वरच्या-पुढच्या बाजूला, फ्रंटल आणि टेम्पोरल लोब जिथे भेटतात तिथे, पिरिफॉर्म कॉर्टेक्स नावाचा वासाशी संबंधित लहानसा पट्टा आहे. २०१९ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे एमआरआय एकमेकांवर ठेवून पाहिले. ज्यांच्यात हा पट्टा निम्मा किंवा जास्त निघाला होता, त्यांच्यात फिटमुक्तीच्या शक्यतेचं गुणोत्तर १६पट होतं. हिप्पोकॅम्पस किती काढला यापेक्षा याचाच परिणाम मोठा. शेजारून मोठ्या रक्तवाहिन्या जातात, म्हणून ‘मग सगळाच काढा’ असं म्हणता येत नाही. पण मला स्कॅनचा असा उपयोग जास्त आवडतो. नुसतं भविष्य सांगण्यापेक्षा ते बदलायला मदत होते.

आता संगणक. एमआरआयमधून अख्ख्या मेंदूचा तारनकाशा काढून ‘थांबतील’ किंवा ‘थांबणार नाहीत’ असा कौल देणारी प्रारूपं गेली काही वर्षं येतायत, आणि ८०-९० टक्के अचूकतेचे दावे असतात. बातमीत तेवढंच येतं. कितीतरी अभ्यास पन्नासेक रुग्णांवरचे असतात, एकाच केंद्रातले, एकाच मशीनवरचे. मशीन बदललं की कौल डळमळतो. पण समजा, खरोखर ८५ टक्के अचूक प्रारूप हाताशी आलं. तुमच्या भावासारखे १०० जण घ्या. ७० बरे होणारे, ३० न होणारे. प्रारूप त्या ३० पैकी २५-२६ जणांना बरोबर ओळखेल. पण बरे होणाऱ्या ७० पैकी १०-११ जणांनाही चुकून ‘नाही थांबणार’ म्हणेल. म्हणजे ज्या ३६ जणांना ते ‘नको’ सांगेल, त्यांतले १०-११ शस्त्रक्रियेने बरे झाले असते. त्यांना परत औषधांवर पाठवायचं, जिथे २००१ च्या चाचणीत वर्षभरात ८ टक्के लोकांच्याच फिट्स थांबल्या होत्या? मी नाही पाठवणार.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. घरचे लोक ७० टक्क्यांची तुलना १०० शी करतात आणि ३०ची भीती घेऊन घरी जातात. तुलना करायची ती शस्त्रक्रिया न केली तर काय, याच्याशी. दोन औषधं योग्य मात्रेत देऊनही फिट्स चालू असतील तर त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या गोळीने त्या पूर्ण थांबणारे फार थोडे असतात. भावाची चार झालीत. चित्र वाईट असून भाकीत ४० टक्के आलं, तरी ते ४० विरुद्ध पाच-दहा असंच बसतं. त्यामुळे भाकीत कमी आलं म्हणून आम्ही क्वचितच ‘नको’ म्हणतो. बहुधा म्हणतो, ‘आधी मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून उगम नीट शोधू.’

संगणकाचा आजच उपयोग दिसतो तो दोष शोधायला. ‘मेल्ड’ नावाच्या बहुराष्ट्रीय प्रकल्पाने डिस्प्लेसियाचे शेकडो स्कॅन एकत्र करून एक प्रणाली घडवली. २०२५ मधल्या आवृत्तीने दाखवलेल्या जागांपैकी ६७ टक्के खऱ्या निघाल्या. आधीच्या पद्धतीत हेच प्रमाण ३९ होतं. तीनातली एक खूण अजूनही खोटी, पण त्या १९ वर्षांच्या मुलीच्या स्कॅनवर ‘इथे बघ’ म्हणणारं कुणी पहिल्या एमआरआयलाच असतं तर तिची काही वर्षं वाचली असती.

फिट्स थांबतील का याहून स्कॅन एक गोष्ट जास्त चांगली सांगतो, आणि ती फार कमी लोक विचारतात: शस्त्रक्रियेत काय गमावलं जाईल? भाषा बहुतेकांची डावीकडे असते, भावाची बाजू उजवी, त्यामुळे शब्द न आठवण्याचा धोका कमी. काम करताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते दाखवणाऱ्या फंक्शनल एमआरआयमध्ये शब्द शोधायला लावून भाषेची बाजू पक्की करता येते. स्मरणशक्तीचा नियम ऐकायला उलटा वाटतो: हिप्पोकॅम्पस जितका आकसलेला, तितकं तो काढल्यावर नुकसान कमी, कारण तो आधीच फारसं काम करत नसतो. चांगला दिसणारा हिप्पोकॅम्पस काढणं जास्त धोक्याचं. नजरेचंही विचारा. डोळ्यांकडून मागे जाणाऱ्या तंतूंचा एक वळसा टेम्पोरल लोबमधून पुढे येऊन परत फिरतो. तो दुखावला तर विरुद्ध बाजूचा वरचा कोपरा दिसेनासा होतो, भावाच्या बाबतीत डावीकडचा वरचा. रोजच्या जगण्यात कित्येकांच्या ते लक्षातही येत नाही, पण वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी अडू शकतं. हा वळसा प्रत्येकाचा थोडा पुढे-मागे असतो. डिफ्यूजन एमआरआयवर तो रेखून शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या सूक्ष्मदर्शकात दाखवता येतो, आणि तसं केल्याने नजरेचं नुकसान कमी होतं, हे २०१४ मध्ये दिसून आलंय.

भावाच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. व्हिडिओ ईईजीवर पकडलेल्या सगळ्या फिट्स उजवीकडूनच निघाल्या का, की एखादी डावीकडून? डावा हिप्पोकॅम्पस मोजून नॉर्मल आहे का, की नुसता डोळ्याने? आणि अंग ताठ होऊन सगळं शरीर झटके देणाऱ्या मोठ्या फिट्स वर्षाला किती येतात? त्या वारंवार येत असतील तर ७० थोडे खाली आणा. लहानपणी तापात बराच वेळ चाललेली फिट आली होती का, हे आईला विचारून ठेवा. तसा इतिहास असला तर स्क्लेरोसिसचं चित्र त्याच्याशी जुळतं. आणखी दोन वर्षं थांबून बघू, असं घरात कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. आजार जितका जुना होतो तितका निकाल खाली येतो, आणि १२ वर्षं झालीच आहेत.

दुसरं मत घ्यायला जाताना छापील फिल्म नेऊ नका, तिच्यावरून हिप्पोकॅम्पसच्या आतल्या रेघा वाचता येत नाहीत. मूळ फाइल्सची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि भावाच्या फिटचा व्हिडिओ न्या. लोक फिट रंगात आल्यावर मोबाइल शोधायला धावतात. आम्हाला हवे असतात पहिले दहा सेकंद: तो बोलायचा थांबतो तेव्हाचे, हात पोटाकडे जातो का घशाकडे ते दिसणारे.